वर्षाचं वचन आणि त्याच्या आधीची दहा वचनं

पत्राचा सारांश : नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका ताईंचं हे पत्र. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत प्रत्येकानं टोपलीतून चिठ्ठी उचलायची आणि त्यात निघेल ते आपलं वर्षाचं वचन मानायचं, अशी त्यांच्या मंडळीची रीत आहे. त्यांना निघालं यिर्मया २९:११ : तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, अशा अर्थाचं. मुलगा पुण्यात चार वर्षं स्पर्धा परीक्षांची तयारी करतोय. याच वर्षी त्याचं होणार, असं त्यांनी मनाशी धरलं आणि महिला मंडळात तशी साक्षही दिली. तिथं धर्मशिक्षण घेऊन नुकताच परतलेला एक तरुण सगळ्यांदेखत म्हणाला, “मावशी, ते वचन तुमच्यासाठी नाहीच. बाबेलातल्या यहुद्यांसाठी आहे.” त्यातच पाळकसाहेबांनी मंडळाचा शास्त्राभ्यास त्यांच्याकडे सोपवला. त्यांनी जाड इंग्रजी स्टडी बायबल आणलं, मोबाइलवर तीन ॲप घेतली. पण त्याच अध्यायातल्या सत्तर वर्षांच्या हिशोबावरच तीन भाष्यकार तीन गोष्टी सांगतात. सासूबाई म्हणतात, “आम्ही गुडघ्यांवर बसून वाचलं, आम्हाला कुठं पुस्तकं लागली?” त्या विचारतात : ग्रीक-हिब्रू येत नसताना मी शिकवायला बसावं का? साधनं कोणती घ्यावीत? आणि ते वचन आता माझं राहिलं का?

ताई, सलाम.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. वचन हातातून गेल्याची हुरहुर मनात ठेवून नकाशे आणि कोश उघडले, तर माणूस त्यात एकच गोष्ट शोधतो : आपलंच खरं होतं, याचा पुरावा. तसा अभ्यास तीन ॲपवर काय, तीस ॲपवर केला तरी डोकंच दुखणार.

तो तरुण अर्धा बरोबर आहे. चारचौघांत एका आईला असं सांगायचं नसतं, हे त्याला अजून कळायचंय, ते कळेल. पण उरलेला अर्धा भाग तुम्हाला कुणीच सांगितलेला दिसत नाही, आणि खरी गंमत तिथंच आहे.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २९वा अध्याय म्हणजे चक्क एक पत्र आहे. लिहिणारा कोण, नेणारे कोण, घेणारे कोण, सगळं नावानिशी. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, नबुखद्नेस्सर राजानं यहूदाची राजधानी यरुशलेम घेतली. राजा यकन्या, म्हणजेच यहोयाखीन, त्याची आई, दरबारी, कारागीर, लोहार, अशी कसबाची आणि वजनाची माणसं उचलून त्यानं बाबेलला नेली आणि मागे सिद्कीयाला गादीवर बसवलं. पुढे सिद्कीयाचे दूत एलासा आणि गमऱ्या बाबेलला निघाले, तेव्हा यिर्मयानं त्यांच्या हाती हे पत्र दिलं. वाट काही दिवसांची नव्हती. नंतरच्या काळात एज्राला बाबेलहून यरुशलेमला यायला चार महिने लागले, असं त्याच्याच पुस्तकात आहे (७:९).

त्या पत्रात अकराव्या वचनाच्या आधी काय लिहिलंय? घरं बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावा. ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या हितासाठी झटा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. ज्यांनी आपलं घरदार लुटलं त्यांच्या शहरासाठी प्रार्थना! आणि मग दहावं वचन : सत्तर वर्षं. पत्र वाचून दाखवलं जात असताना जो चाळिशीचा माणूस ऐकत बसला होता, त्याला तिथल्या तिथं कळलं असणार की आपली हाडं इथंच पडणार. परत गेली तर नातवंडं जातील. या बातमीला लागूनच, पुढच्याच श्वासात, तुमचं अकरावं वचन येतं.

आता एक पान मागे जा. २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून जाहीर करतो की दोन वर्षांत सगळं परत येईल : लुटलेली पात्रं, राजा, माणसं. बाबेलपुढे मान वाकवा, याची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घेतलेलं जू तो सगळ्यांसमोर मोडतो. यिर्मया आधी म्हणतो, आमेन, परमेश्वर तसंच करो. त्यालाही ते हवंच होतं. पण नंतर त्याला परत येऊन सांगावं लागतं की लाकडाचं जू मोडलंस, त्याच्या जागी लोखंडाचं आलंय. त्याच वर्षी हनन्या मरतो. लोकांना अर्थातच हनन्या आवडत होता. पत्र बाबेलला पोचल्यावर तिथला शमाया यरुशलेमच्या याजकाला उलट लिहितो की या वेड्याला अजून खोड्यात का घातलं नाही? हा आम्हाला सांगतोय, दिवस लांबणार आहेत, घरं बांधा!

म्हणून माझं म्हणणं असं : अकरावं वचन चिठ्ठीवर एकटं उतरवलं की त्यातले शब्द यिर्मयाचे राहतात, पण वायदा हनन्याचा होतो. लवकर होईल, याच वर्षी होईल. तुमच्या मंडळीनं मुद्दाम असं केलं असं मी म्हणत नाही. चिठ्ठीवर आधीची दहा वचनं मावत नाहीत, एवढंच. (त्या टोपल्यांमध्ये हबक्कूक १:२, ‘परमेश्वरा, मी किती वेळ ओरडू’ या अर्थाचं वचन मात्र कुणालाच कधी निघत नाही. निघायला हवं. काही वर्षं तशीच असतात.)

मग वचन तुमचं राहिलं का? राहिलं. पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलंय की पूर्वी जे लिहिलं गेलं ते आपल्या शिक्षणासाठी लिहिलं गेलं (१५:४). म्हणजे बाबेलला गेलेलं पत्र उघडून वाचायची मुभा ख्रिस्ती वाचकाला आहे. फक्त ते कुणाच्या नावाचं होतं हे विसरायचं नाही. त्यात परीक्षेच्या निकालाचा शब्द नाही. ज्यांना आपण न निवडलेल्या जागी, न ठरवलेल्या मुदतीसाठी राहावं लागतंय ते विसरले गेलेले नाहीत, असा शब्द आहे. चार वर्षं पुण्यात अभ्यासिकेत बसलेल्या मुलाच्या आईला यातलं जास्त उपयोगी काय, हे तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर चिठ्ठीपेक्षा अख्खं पत्र टिकाऊ आहे.

आणि हे सगळं समजायला आत्तापर्यंत एकही जाड पुस्तक लागलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? २७ ते २९ हे तीन अध्याय आणि २ राजेचे शेवटचे दोन. बायबलची बरीचशी पार्श्वभूमी बायबलातच असते, फक्त ती दुसऱ्या पानावर असते. यिर्मयाचं पुस्तक काळाच्या क्रमानं लावलेलं नाही, एवढी एक गोष्ट ठाऊक असावी. २४वा अध्याय ५९७ नंतरचा आहे आणि २५वा त्याच्याही आधीचा, ६०५ च्या सुमाराचा. हे माहीत नसलं की माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

बाहेरची पार्श्वभूमी त्यानंतर घ्यायची, आणि ती घेताना मात्र हात आखडू नये. बाबेलच्या लेखनिकांनी राजांच्या कारकिर्दीची वर्षवार नोंद मातीच्या विटांवर लिहून ठेवली. त्यातली एक आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. यहूदाचं नगर घेतलं, राजाला पकडलं, आपल्या मनाजोगता राजा बसवला आणि जबर खंडणी घेतली, असं नबुखद्नेस्सराच्या सातव्या वर्षाच्या नोंदीत सरळ लिहिलंय. पण मला त्याहून आवडतात त्या शिधावाटपाच्या नोंदी. रॉबर्ट कोल्डेवाय या जर्मन संशोधकाच्या बाबेलमधल्या उत्खननात त्या मिळाल्या आणि १९३९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. कोठारातून कुणाला किती तेल दिलं, याचा तो कोरडा हिशोब. त्यात यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांच्या नावचं तेल मांडलंय. यिर्मया २९:२ मध्ये ज्याला नेल्याचं लिहिलंय, तोच हा माणूस. तिकडे यरुशलेमात हनन्या ओरडत होता की दोन वर्षांत राजा परत येईल, आणि इकडे राजा मापानं तेल घेत होता.

अलीकडे, २०१४ मध्ये, आणखी शंभराच्या वर विटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाबेलच्या मुलखात अल-याहूदू, म्हणजे ‘यहूदाचं गाव’, अशी वस्तीच होती आणि तिथल्या लोकांचे करार, देणी आणि कर त्यात आहेत. सर्वांत जुनी वीट इ.स.पू. ५७२ ची. शेतजमीन कसणं, कर भरणं, सातू आणि खजुराची देणीघेणी, सगळं रीतसर. कुणीतरी ते पत्र ऐकलं होतं म्हणायचं. या विटा पुराणवस्तूंच्या बाजारातून आल्या, नेमक्या कुठं निघाल्या याची नोंद नाही. हेही सांगायला हवं, कारण पार्श्वभूमी म्हणून जे जे छापून येतं ते सारख्याच वजनाचं नसतं.

मंडळात सांगण्याजोगी आणखी एक गोष्ट. ज्या कोरेश (सायरस) राजानं इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल घेतलं आणि पुढे निर्वासितांना परतीची वाट मोकळी केली, त्याच्या नावचा मातीचा लेख २०१३-१४ च्या हिवाळ्यात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात येऊन गेला. त्यात यहुद्यांचं नाव नाही. वेगवेगळ्या लोकांचे देव आणि माणसं आपापल्या ठिकाणी परत पाठवल्याचं त्यात सांगितलंय. एज्राच्या पहिल्या अध्यायाशेजारी ठेवून वाचला की राजाचं धोरण दिसतं. त्याहून जास्त त्याच्याकडून वदवून घेऊ नये.

कारण पार्श्वभूमीच्या नावाखाली थापाही खूप चालतात. उंटानं सुईच्या नाकातून जाण्याचं वचन तुम्ही ऐकलंच असेल. त्यावर उपदेशात हमखास सांगतात की यरुशलेमला ‘सुईचं नाक’ नावाचं एक छोटं दार होतं, उंटाला ओझं उतरवून, गुडघे टेकून त्यातून जावं लागे. ऐकायला फार छान. पण तसं दार होतं याचा कसलाही पुरावा नाही, आणि मध्ययुगाच्या आधी कुणी त्याचा उल्लेखही केलेला नाही. पुराव्याचंही सोडा, मार्क १० मधली पुढची दोन वचनं वाचा. शिष्य थक्क होऊन विचारतात, मग कुणाचं तारण होणार? येशू म्हणतो, माणसांना हे अशक्य आहे. गुडघे टेकून जमणारं काम असतं तर कुणी थक्क का झालं असतं? पुढे बाबेलातल्या यहुदी गुरूंच्या तालमूद ग्रंथातही अशक्य गोष्टीसाठी सुईच्या नाकातून जाणारा हत्ती येतो. तेव्हा कुणी ‘त्या काळी असं असायचं’ म्हणून सांगितलं की दोन गोष्टी बघा : हे कशावरून, आणि यानं वचन उलगडलं की नुसतं सोयीचं झालं?

आता सत्तर वर्षं, ज्यांनी तुमची झोप उडवली. कुणी इ.स.पू. ६०९ मध्ये अश्शूरचं (असीरियाचं) राज्य संपलं तिथून ५३९ पर्यंत मोजतात. कुणी ५८६ मध्ये यरुशलेमचं मंदिर पडलं तिथून ५१६ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं तिथपर्यंत. कुणी म्हणतात, एका माणसाचं आयुष्य अशा अर्थानं हा ढोबळ आकडा आहे. स्तोत्र ९०:१० मध्येही आयुष्याची वर्षं सत्तरच सांगितली आहेत. तिघांनाही आधार आहे. पण हे तिघे भाष्यकार कशावर एकमत आहेत, ते तुम्ही पाहिलंत का? पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी जवळजवळ कुणी परत जाणार नव्हतं, यावर. तुमच्या मंडळाला तेवढं पुरेसं आहे. भाष्यकार भांडतात तेव्हा ते कशावर भांडत नाहीत हे आधी लिहून काढायचं. माझा अनुभव असा की ती यादी नेहमी लांब निघते.

ग्रीक-हिब्रूचं. नाही येत तर नाही येत. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं घातली. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यात ते पूर्ण छापून झालं. खेड्यातल्या, फारसं न शिकलेल्या बायांना वाचता यावं म्हणून त्यांनी तो घाट घातला. त्यांनी ते केलं ते तुम्हा-आम्हाला हिब्रू शिकावं लागू नये म्हणूनच ना? बाबा पद्मनजींनी तर एकोणिसाव्या शतकातच नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. म्हणजे सासूबाईंनी पुस्तकं वापरली नसतील, पण ज्या उपदेशकांचं ऐकत त्या मोठ्या झाल्या त्यांच्या कपाटात ती असणार.

ॲपमध्ये शब्दावर बोट ठेवलं की मूळ शब्द आणि त्याखाली दहा अर्थ येतात. त्यातला आवडेल तो उचलून ‘मूळ भाषेत असं आहे’ म्हणायचा मोह टाळा. एका ठिकाणी शब्दाचा एकच अर्थ चालू असतो आणि तो आजूबाजूची वाक्यं ठरवतात. त्यापेक्षा दोन-तीन मराठी भाषांतरं शेजारी ठेवा. बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ तुमच्या घरी असेलच. इंडियन रिवाइज्ड व्हर्जन आणि ईझी-टू-रीड या मराठी आवृत्त्या मोबाइलवर फुकट मिळतात. जिथं तिन्ही जुळतात तिथं पुढे चला. जिथं फाटा फुटतो तिथं पेन्सिलीनं खूण करा. भाष्य उघडायचं ते त्या खुणेपुरतं. वसईकडच्या एखाद्या मैत्रिणीचं कॅथलिक बायबल हाती आलं आणि विलापगीतानंतर ‘बारूख’ नावाचं पुस्तक दिसलं, तर गोंधळू नका. बारूख हा यिर्मयाचा लेखनिक, आणि त्याच्या नावचं पुस्तक कॅथलिक बायबलच्या ७३ पुस्तकांत आहे, तुमच्या ६६ त नाही.

स्टडी बायबलबद्दल एक सावधगिरी. वर वचन आणि खाली टीप, एकाच पानावर, एकाच शाईत. हळूहळू दोन्ही सारखंच वाटायला लागतं. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात हिशोब करून जगाची उत्पत्ती इ.स.पू. ४००४ मध्ये ठरवली. १७०१ पासून तो आकडा इंग्रजी बायबलच्या समासात छापला जाऊ लागला आणि पिढ्यान् पिढ्या लोक तो शास्त्रवचन समजून बसले. म्हणून टीप वाचायच्या आधी प्रस्तावनेत ती कुणी लिहिली, कोणत्या परंपरेतून लिहिली, हे बघायचं. बाप्टिस्ट माणूस बाप्तिस्म्यावर काय लिहिणार आणि कॅथलिक काय, हे कळायला विद्वान असावं लागत नाही. शक्य असेल तर भाष्यं दोन घ्या, वेगवेगळ्या घरांची. हल्ली मोबाइलला प्रश्न विचारला की तो सफाईदार उत्तर देतो. त्यानं दिलेलं प्रत्येक वचन उघडून बघितल्याशिवाय ते मंडळात नेऊ नका, कारण त्या उत्तरांत सुईच्या नाकाचं दार अगदी ठणठणीत उभं असतं.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना कामाला लावा. त्यांच्या पिढीतल्या बायांना अख्खी स्तोत्रं तोंडपाठ असतात. त्यांना विचारा, “आई, परक्या देशातल्या नद्यांचं स्तोत्र कुठलं?” १३७वं, हे ॲपनं शोधायच्या आत त्या सांगतील. मग ते स्तोत्र आणि यिर्मयाचं पत्र एकापाठोपाठ वाचा. एकात बाबेलच्या नद्यांकाठी वीणा टांगून रडणारी माणसं आहेत, आणि शेवटी बाबेलला इतका भयंकर शाप आहे की उपासनेत तो भाग बहुधा गाळतात. दुसऱ्यात त्याच नगरासाठी प्रार्थना करा, असं आहे. दोन्ही एकाच शास्त्रात. यावर मंडळात तासभर बोलणं होईल, तुम्हाला एक शब्द शिकवावा लागणार नाही.

आणि ‘शिकवायला बसावं का’ या तुमच्या प्रश्नातच एक समजूत दडलेली आहे, ती मला खटकते. शाळेत चाळीस मुलांपुढे तुम्ही उत्तरं घेऊन उभ्या राहता, म्हणून इथंही तसंच असणार असं तुम्ही धरलंय. महिला मंडळाला उत्तरपत्रिका नकोय. पुढच्या बैठकीत तुमच्या वर्षाच्या वचनाचाच अध्याय घ्या. पहिल्या वचनापासून चौदाव्यापर्यंत तिघींना मोठ्यानं वाचायला लावा, घाई न करता. मग एकच प्रश्न : हे पत्र तुमच्या घरी आलं असतं तर कुठल्या ओळीला राग आला असता? माझा अंदाज आहे की सातव्या. ज्यांच्या घरातलं कुणी पोटासाठी मुंबईला किंवा आखातात गेलंय त्या पाचव्या ओळीवर बोलतील. त्या बोलतील तेव्हा मध्ये पडू नका. बाबेल कुठं होतं हे दाखवायला नकाशा जवळ असू द्या. आजच्या इराकमध्ये, बगदादच्या दक्षिणेला. साक्ष दिलीत त्याबद्दल माफी मागायचं काही कारण नाही. मला पुढचं वाचायला उशिरा मिळालं, आता आपण मिळून वाचू, एवढं म्हणालात तरी झालं.

त्या तरुणालाही बोलवा. त्याला दहा मिनिटं द्या, बाबेलच्या विटांवर बोलू द्या. तो खूश होईल आणि बायांसमोर काय कसं बोलावं हेही शिकेल. दहा म्हणजे दहाच मिनिटं. सेमिनरीतून नुकत्या आलेल्या माणसाला घड्याळ दाखवावं लागतं.

यिर्मया झाल्यावर कुठं जायचं? रूथ, एका परक्या विधवा सुनेची गोष्ट. चारच अध्याय, आणि तिथं तुमच्या बायांपुढे भाष्यकार फिके पडतील. शेतमालकानं कडेची कणसं कापू नयेत, पडलेलं उचलू नये, ते गरिबांसाठी, परक्यांसाठी, विधवांसाठी सोडावं, हा नियम लेवीय १९ आणि अनुवाद २४ मध्ये आहे. इंग्रजी पुस्तकं तो समजावायला दोन पानं खर्च करतात. ज्या बाईनं सुगीनंतर दुसऱ्याच्या रानात सरवा वेचलाय, तिला कंबर किती दुखते, मालकाचे गडी कसे बघतात, नवी सून एकटी गेली तर सासूच्या जिवाला कसला घोर लागतो, हे सगळं ठाऊक असतं. संध्याकाळी रूथनं झोडून एफाभर सातू नेला. एफा म्हणजे साधारण २२ लिटर. ते पायलीत किती भरेल आणि एका दिवसाच्या सरव्यात एवढं निघतं का, हे मंडळातल्या आजींना विचारा. निघत नाही म्हणाल्या, तर शेतमालक बवाजानं गड्यांना काय सांगून ठेवलं होतं ते त्याच अध्यायात सोळाव्या वचनात आहे.

हे सदर वाचणाऱ्या काही जणांनी, ख्रिस्ती नसलेल्यांनीही, बायबल वाचायचंय पण उत्पत्तीपासून सुरू करून लेवीयात अडकलो, असं मागे कळवलं होतं. त्यांनाही हेच सांगेन : लहान पुस्तक घ्या. रूथ, योना, मार्क, फिलेमोनाला पत्र. एका बैठकीत पुरं वाचा, टिपांशिवाय. मग कोण, कुणाला, केव्हा हे तीन प्रश्न कागदावर लिहून दुसऱ्यांदा वाचा. साधनं तिसऱ्या वाचनाला.

मुलाबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीत, म्हणून मीही फार लिहीत नाही. त्याला ते वचन व्हॉट्सॲपवर पाठवलं असेलच. आता पाचवं आणि सातवंही पाठवा. आणि जमलं तर निकाल कधी हे न विचारता त्याला विचारा की पुण्यात त्याचं काही रुजतंय का, मित्र आहेत का, हाताला दुसरं काही काम लागलंय का. तयारी आणखी एक वर्ष करायची की थांबायचं, हे ठरवायचं ओझं यिर्मयावर टाकू नका. ते तुम्ही दोघांनी, घरातला पैसा आणि त्याचं वय बघून ठरवायचंय.

खरेदी इतक्यात काही करू नका. तीनपैकी दोन ॲप काढून टाका. जे राहील त्यात मराठी भाषांतरं असावीत. मोठ्या अक्षरातलं मराठी बायबल नसेल तर ते घ्या, मंडळात वाचायला बरं पडतं. आणि ते जाड स्टडी बायबल परत करू नका. बहुतेक स्टडी बायबलांत शेवटच्या पानांवर नकाशे असतात, त्यात बाबेलचा काळ दाखवणारा मिळाला तर त्याची मोठी झेरॉक्स पुढच्या बैठकीच्या आधी काढून घ्या.